दोन ‘फाइव्ह जी’: एक राउटरवरचे, एक मोबाइलवरचे

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी गेलो, तेव्हा काकांनी चहाच्या आधी मोबाइल पुढे केला. वाय-फायच्या यादीत आमच्या आडनावाची दोन नावे एकाखाली एक दिसत होती. एक नुसते आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘फाइव्ह जी’ जोडलेले. “गावातला टॉवर अजून फोर जीचाच आहे, पण आपल्या घरात फाइव्ह जी आलंय,” काका म्हणाले, आणि लगेच तक्रारही केली की माजघरात ते झकास चालते, पण पडवीत येऊन बसले की दम तोडते. शेजारच्यांना तर मोबाइलच्या दुकानात सांगण्यात आले होते की घरचे वाय-फाय फाइव्ह जी असेल, तर फोनही फाइव्ह जीचाच हवा, आणि त्यांनी तो घेतलाही होता. हा सारा घोटाळा एका अक्षराचा आहे.

मोबाइलच्या बाबतीत ‘जी’ म्हणजे जनरेशन, अर्थात पिढी. १९९५ साली भारतात मोबाइल सुरू झाला तो दुसऱ्या पिढीचा. चौथी पिढी २०१२ मध्ये कोलकात्यातून आली आणि पाचवीचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत झाला. पिढीच्या आकड्याचा रेडिओलहरींच्या कंपनांशी काही संबंध नसतो. राउटरवरचा ‘जी’ मात्र गिगाहर्ट्झमधला, म्हणजे सेकंदाला अब्जावधी कंपने मोजणारा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, आणि दुसऱ्याची खूण म्हणून नावामागे ‘फाइव्ह जी’ लावण्याची पद्धत पडून गेली. ‘हर्ट्झ’ गाळून नुसता ‘जी’ ठेवणाऱ्याने जागा थोडी वाचवली आणि गोंधळ पुष्कळ वाढवला, असे माझे मत आहे.

गंमत अशी की मोबाइलचे फाइव्ह जी भारतात मुख्यतः ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि काही ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ०.७ गिगाहर्ट्झवर. म्हणजे पाचाच्या आकड्याशी त्याची गाठच पडत नाही. उलट ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वाय-फायचे मानक १९९९ साली तयार झाले, तेव्हा जगात मोबाइलची तिसरी पिढीसुद्धा बाजारात यायची होती. काकांच्या घरात जे ‘आले’ होते, ते एका अर्थी चौथ्या पिढीपेक्षाही जुने होते. त्यामुळे ते वापरायला फाइव्ह जी फोन लागत नाही. फोनच्या वाय-फायला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा समजला की काम भागते, आणि तो गेल्या कित्येक वर्षांतल्या असंख्य फोर जी फोनांना समजतो. शेजाऱ्यांचा जुना फोन चालला असता. (यात भर म्हणून ‘वाय-फाय ५’ नावाची तिसरी चीजही आहे. ती वाय-फायची पाचवी पिढी, आणि ती नेमकी ५ गिगाहर्ट्झवरच चालते. नावे ठेवणाऱ्यांना आता काय नावे ठेवावीत!)

पडवीतल्या तक्रारीचे उत्तर भिंतीत होते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा; आणि सर्वसाधारणपणे कंपने वाढतात तशी लहर भिंतीत अधिक शोषली जाते. आमचे घर जुन्या जांभ्याचे, भिंती हातभर जाड, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. अशा दोन भिंती ओलांडून पडवीत पोहोचेपर्यंत ५ गिगाहर्ट्झच्या संदेशात फारसा जीव उरत नाही, तर २.४ वाला रखडत का होईना पोहोचतो. पण २.४ चा पट्टा अरुंद, एकमेकांत न मिसळणाऱ्या जेमतेम तीन वाहिन्यांचा, आणि ब्लूटूथपासून मायक्रोवेव्ह ओव्हनपर्यंत सगळ्यांची तिथे वर्दळ. शहरातल्या इमारतीत, जिथे यादी उघडली की वीस घरांची नावे दिसतात, तिथे ५ गिगाहर्ट्झ हाच खरा दिलासा असतो. कोकणातल्या सुट्या घराला ती गर्दी नसल्यामुळे २.४ चे जुनेपण फारसे टोचत नाही.

मला मोबाइलच्या आणि राउटरच्या फाइव्ह जीमधला सर्वांत मोठा फरक वेगाचा वाटत नाही, तर लहरींवरच्या मालकीचा वाटतो. आपल्या वर्तमानपत्रांत स्पेक्ट्रमला, म्हणजे कंपनांच्या या पट्ट्यांना, बऱ्याचदा ‘ध्वनिलहरी’ म्हणतात. त्या विद्युतचुंबकीय असतात आणि ध्वनीचा तिथे मागमूस नसतो, पण ते असो. मोबाइलच्या फाइव्ह जीसाठी २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सात दिवस लिलाव चालला आणि कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. त्या पट्ट्यात दुसऱ्या कोणी बोलायचे नाही, हा त्या पैशाचा मोबदला. वाय-फायचे पट्टे मात्र विनापरवाना खुले आहेत, २.४ गिगाहर्ट्झचा २००५ साली झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहून कोणीही तिथे राउटर लावावा, कोणाला विचारायचे नाही आणि शेजाऱ्याने लावला तर तक्रारही करायची नाही.

बोलण्याची रीतही यातूनच ठरते. वाय-फाय गावाच्या पारावरच्या गप्पांसारखे आहे: प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, कोणी बोलत नाही असे दिसले की क्षणभर थांबून बोलते, आणि दोघे एकदम बोलल्याने बोलणे पोहोचले नाही, तर दोघेही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. माणसे थोडी असली तर हे उत्तम जमते. लग्नघरात चाळीस फोन जोडले गेले की निम्मा वेळ थांबण्यातच जातो. मोबाइलच्या जाळ्यात टॉवर अध्यक्षाच्या खुर्चीत असतो. कोणत्या फोनने कोणत्या क्षणी, कोणत्या कंपनसंख्येवर बोलायचे हे तोच ठरवून देतो, आणि फोन पुढे सरकला की त्याला पुढच्या टॉवरच्या हवाली करतो, म्हणून धावत्या गाडीतही बोलणे चालू राहते. नवी वाय-फाय मात्र हळूहळू हीच शिस्त उचलू लागली आहे. ‘वाय-फाय ६’मध्ये राउटर एकाच वेळी अनेक उपकरणांना पट्ट्याचे लहान लहान तुकडे वाटून देऊ शकतो, आणि ही युक्ती मोबाइलच्या जगात आधीपासून रुळलेली होती.

२०२३ पासून ही दोन्ही फाइव्ह जी एकाच घरात येऊ लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये, गणेश चतुर्थीला, जिओने ‘एअरफायबर’ नावाची सेवा काढली. नावात फायबर असले तरी घरापर्यंत काचेची तार येत नाही. मोबाइलचे फाइव्ह जी पकडून इंटरनेट घरात आणले जाते आणि राउटर तेच वाय-फायवर वाटतो. म्हणजे टॉवरपासून घरापर्यंत पाचवी पिढी आणि तिथून हातातल्या फोनपर्यंत ५ गिगाहर्ट्झ, दोहोंचे बोलीतले नाव एकच. नेट मंद झाले की चूक कोणाची हे कळायला सोपी परीक्षा आहे: राउटरच्या शेजारी उभे राहून वेग मोजावा. तिथे वेग भरपूर आणि आतल्या खोलीत नाही, तर दोष घरातल्या वाय-फायचा, आणि कंपनीच्या तक्रार क्रमांकावर तासभर गाणी ऐकून काही हाती लागणार नाही. राउटरशेजारीही मंदच असेल, तर मात्र तो फोन जरूर करावा.

काकांकडे तारेचे फायबर होते, राउटर माजघरात होता आणि परीक्षेचा निकाल पहिल्या मिनिटात लागला. मी माजघरातून माळ्यावरून एक केबल पडवीत आणली, तिच्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटर जोडला आणि सेटिंगमध्ये जाऊन नावामागचे ‘फाइव्ह जी’ खोडून ‘माजघर’ आणि ‘पडवी’ अशी नावे दिली.