लीजवरची परफॉर्मन्स कार: पावसाआधी टायर घेताना

मे सरत आला की घोडबंदर रोडवरच्या आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन किंवा एखादी बीएमडब्ल्यू कंपनी लीजवर वापरणारे विचारतात, "गाडी शेवटी परतच द्यायची आहे, मग टायरवर किती घालायचे?" त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक.

परदेशात राहून आलेले काहीजण विंटर टायर मागतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते कायद्यानेच लागतात. त्यांचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहतं. ठाण्यात पारा तिथवर उतरतच नाही, आणि आपल्या तापलेल्या रस्त्यावर ते रबर भराभर झिजतं, ब्रेकलाही गाडी लांब जाऊन थांबते. मनालीला बर्फात जायचं असेल तर त्यापुरत्या साखळ्या घ्या किंवा तिथली गाडी करा.

आपल्याकडे पैसे मोजायचे ते पाण्यातल्या पकडीसाठी. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिमी असते, कायद्याची मर्यादा १.६ मिमी. आम्ही मात्र ३ मिमीलाच बदला म्हणतो. त्याखाली खाचांना पाणी पुरेसं बाहेर फेकता येत नाही, टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. रुंद टायर लवकर तरंगतो, आणि या गाड्यांचे टायर रुंदच असतात. हवा कमी असेल तर धोका आणखी वाढतो.

घरच्या घरी तपासायचं तर स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून नक्षी नवी दिसते आणि आतली कड गोटा झालेली असते, असं आम्ही नेहमी बघतो. गायमुख घाटातले खड्डे आणि वर आलेले पेव्हर ब्लॉक चाकांचा कोन, म्हणजे अलाइनमेंट, बिघडवतात, त्याचा हा परिणाम. टायरच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे साइडवॉलला, फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलायलाच हवा.

आधी लीजचा कागद

काही करारांत ठरावीक किलोमीटरनंतरचे टायर लीज कंपनीच देते आणि लोक नकळत खिशातून भरतात. म्हणून दुकानात येण्याआधी तेवढं पान वाचा. मग साइज बघा. समजा २०५/५५ आर १६ ९१ व्ही आहे. यातलं ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किमी वेग. एच रेटिंगचा, म्हणजे २१० चा टायर स्वस्त पडतो आणि "इतक्या वेगाने कोण जातंय" असं वाटतं. पण गाडी परत देताना किंवा विम्याच्या क्लेमच्या वेळी त्यावरच बोट ठेवलं जाऊ शकतं, म्हणून आम्ही तो बसवत नाही. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर, काढून साधे टायर घालायचे असतील तर लीज कंपनीची परवानगी लेखी घ्या. अशा गाडीत बहुधा स्टेपनीही नसते, हेही लक्षात असू द्या.

बचत कुठे करता येते

जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. म्हणून त्याच साइजचा भारतात बनलेला चांगला टायर मिळत असेल तर तोच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, जुन्या बिलाशी तुलना करताना हे धरा. साइडवॉलवरच्या चार आकड्यांतून टायरचं वय कळतं: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नीट ठेवलेला, वर्षभर जुना माल घ्यायला हरकत नाही, फक्त सूट मागा.

चारऐवजी दोन टायर घेऊनही भागतं, पण नवी जोडी मागे बसवा. यावर बरेच ग्राहक वाद घालतात, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असतो. पण ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागचे सुटले तर गाडी गर्रकन फिरते, मग अनुभवी हातांनाही आवरत नाही. इंजिनचा जोर चारही चाकांना देणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्हला मात्र चारही सारखेच लागतात.

सेकंडहँड टायर या गाड्यांना आम्ही बसवत नाही. त्यांची आतली दुरुस्ती बाहेरून दिसत नाही. साध्या विमा पॉलिसीत खड्ड्याने फक्त टायर फाटला तर भरपाई मिळत नाही, त्यासाठी टायरचं वेगळं ॲड-ऑन असतं.

बिलावर आम्ही गाडीचा नंबर, टायरचा साइज आणि प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर लिहून देतो. गाडी परत देईपर्यंत ते जपा. येताना लीजचं टायरचं पान आणि ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या हवेच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन या.