दुकानाचा दर्शनी भाग : सुधारणा आणि पैसा (नाशिकची जुनी बाजारपेठ)

पाटी, शटर, पायऱ्या, वरची शेड, दिवे आणि रस्त्याकडची भिंत असा जो भाग गिऱ्हाइकाला आत शिरण्याआधी दिसतो, तो दुकानाचा दर्शनी भाग. जुन्या बाजारपेठेत तो नीटनेटका करण्यासाठी पैसा उभा करण्याच्या रीती देशोदेशी निरनिराळ्या आहेत. नाशिकमध्ये हा विषय प्रामुख्याने मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, बोहोरपट्टी, दहीपूल आणि रविवार कारंजा या पट्ट्याचा आहे. इथे बहुतेक खर्च दुकानदार पदरमोड करून, एकेकटाच करतो.

मालकी आणि भाडेकरू

पैशाआधी आडवी येते ती मालकी. जुन्या वाड्याचा तळमजला एकाकडे भाड्याने, माडीवर दुसरे बिऱ्हाड आणि सातबारा म्हणा की सिटी सर्व्हेचा उतारा, त्यावर चार भावांची नावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ देतो. मुळातच नाममात्र भाडे असलेल्या गाळ्यात एवढ्या वाढीतून गिलाव्याचाही खर्च निघत नाही. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ते गाळा खाली करून मागण्याचे कारण होऊ शकते. लाकडी पार्टिशन, दार, फॉल्स सीलिंग, एसी अशी कामे गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली, तर ती त्या व्याख्येत येत नाहीत.

याचा परिणाम भिंतीवर दिसतो. भाडेकरू भिंत दुरुस्त करत नाही, भिंतीवर काहीतरी चढवतो. सराफ बाजारात एखाद्या वाड्यासमोर थांबून वर पाहावे. कोरीव सागवानी खांब अर्ध्या उंचीपर्यंत दिसतो, तिथून पुढे चकचकीत एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेली) शीट. शीटच्या वरच्या कडेतून तुळईचे कोरलेले टोक डोकावते. शीटची चौकट पेलणारे स्क्रू थेट सागात गेलेले असतात, आणि शीटमागे मुरणारे पावसाचे पाणी कुणाला दिसत नाही. दोन-चार पिढ्या टिकलेले लाकूड असे आतून कुजत जाते. या बाजाराचे इतके मोठे नुकसान दुसरे कुठलेच नसेल. हात राखून केलेल्या स्वस्त सुधारणेतूनच ते होते.

पैशाच्या वाटा

सगळ्यांत जुनी वाट बचतीची. पिग्मी एजंट संध्याकाळी दुकानात येतो. रोज २०० रुपये टाकले तर ३०० दिवसांत ६०,००० जमतात, आणि दसरा-दिवाळीच्या रंगकामाला व नव्या पाटीला ते पुरतात. भिशीही याच कामी येते. त्याहून मोठ्या कामाला पतसंस्था किंवा व्यापाऱ्यांची सहकारी बँक. तिथे दुकानदाराचा व्यवहार वर्षानुवर्षे माहीत असतो, त्यामुळे कर्जाचा निर्णय लवकर होतो.

सरकारी योजनांत उपयोगाची आहे ती प्रधानमंत्री मुद्रा योजना (८ एप्रिल २०१५). तिच्यात व्यापारही बसतो आणि तारण लागत नाही. शिशु ५०,०००, किशोर ५ लाख आणि तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातले कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत मिळू शकते. मात्र हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. प्राप्तिकरात साध्या दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षी वजा होतो, तर फर्निचर-फिटिंगवर दरवर्षी १० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळतो. म्हणून सुताराचे बिल रंगाऱ्याच्या बिलापासून वेगळे घेतलेले बरे.

आणखी एक वाट सर्रास वापरली जाते, ती कंपनीच्या पाटीची. रंग, मोबाइल किंवा शीतपेयाची कंपनी दिव्यांसकट पाटी फुकट लावून देते आणि तिचा मोठा हिस्सा आपल्या नावाला घेते. दुकानदाराचा खर्च वाचतो, पण ओळीतली दहा दुकाने एकाच कंपनीची वाटू लागतात. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली तेव्हा पाट्या बदलण्याचा खर्च दुकानदारांवरच पडला. गल्लीने मिळून एकाच मापाच्या, एकाच पेंटरकडून पाट्या करण्याची ती चांगली वेळ होती.

इतरत्र

अमेरिकेत अनेक शहरे दुकानदाराने घातलेल्या रकमेइतकीच भर घालणारे अनुदान देतात. दुकानदार आधी आराखडा मंजूर करून घेतो, काम पुरे करतो आणि बिले दाखवून अनुदानाचा वाटा मिळवतो. बऱ्याच ठिकाणी हा पैसा १९७४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय सामुदायिक विकास अनुदानातून येतो. टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात १९७० मध्ये व्यापाऱ्यांनी स्वतःवरच जादा कर लावून घेतला. पालिका तो वसूल करते आणि त्याच भागासाठी परत देते. नाशिकच्या व्यापारी संघटनांची वर्गणी ऐच्छिक असते, आणि फरक नेमका तिथेच पडतो. अमृतसरला सुवर्णमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दर्शनी भाग राज्य सरकारने एकसारखे करून दिले (२०१६). नाशिकमध्ये सार्वजनिक पैसा रस्ता, पदपथ, दिवे यांवर खर्च होतो आणि दुकानाच्या पायरीपाशी थांबतो. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा सुमारे १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड त्याचे उदाहरण.

अनुदान देणे झाले तर ते सुट्या दुकानाला न देता सलग ओळीला द्यावे आणि मालक, भाडेकरू दोघांच्या सह्यांवर द्यावे, असे या बाजाराची घडण सुचवते. शेजारच्या गाळ्याचा फ्लेक्स लोंबत असेल, तर एकट्याच्या दोन लाखांच्या कामाने गल्ली काही बदलत नाही.

पूर

नदीलगतच्या गल्ल्यांत खर्चाचा हिशेब गोदावरीवरही ठरतो. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरले. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागल्याची बातमी आली की माल माडीवर चढवायला सुरुवात होते. दर्शनी फिटिंग मात्र जागेवरच राहते आणि प्लायवूड फुगते. म्हणून खालच्या चार-पाच फुटांत दगड किंवा टाइल लावणे, विजेची बटणे वर घेणे यावरचा खर्च वाया जात नाही. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या ५ कोटींपर्यंतच्या विम्यात पुराचे संरक्षण आहे; काम झाल्यावर नव्या फिटिंगची किंमत विमा रकमेत वाढवून घ्यावी लागते.