हळदीची नवरी आणि खिडकीच्या काचेतलं भूत

हॉरर शॉर्टफिल्म करायची ठरली तेव्हा सगळ्यांचे मिळून ४,००० रुपये जमले होते, त्यातले १,२०० लाइटच्या भाड्यात आणि वडापावात पहिल्याच दिवशी उडाले. कॉम्प्युटरवर भूत बनवणारा ग्रुपमध्ये एकच होता आणि त्याच्या लॅपटॉपचा पंखा भुतापेक्षा भयानक ओरडायचा. मग म्हटलं जाऊ दे, जे दाखवायचं ते कॅमेऱ्यासमोर खरंच घडवू. पुढचे तीन आठवडे आम्ही शूटिंग कमी आणि अकरावी-बारावीची प्रॅक्टिकलं जास्त केली.

पहिला प्रश्न अर्थातच रक्त. साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग, झालं की, असं वाटलेलं. मोबाइलवर बघितलं तर सरळसरळ कोकम सरबत! कारण असं की रक्त हा नुसता लाल द्रव नाही, त्यात लाल पेशी तरंगत असतात, त्या प्रकाश इकडेतिकडे उधळतात, म्हणून रक्त गढूळ दिसतं, त्यातून आरपार दिसत नाही. पाक मात्र काचेसारखा स्वच्छ. उपाय सोपा निघाला, दोन चमचे कोको पावडर. तिचे बारीक कण पेशींचं काम करतात, वर रंगही गडद होतो. आणि गडद करणं मोबाइलसाठी फार गरजेचं आहे, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंग टिपणाऱ्या दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक निळा आणि लाल फक्त एक असतो, त्यामुळे भडक लाल आला की तेवढा एकच ठिपका भरून जातो आणि रक्ताच्या जागी सपाट लाल चिकटपट्टी लावल्यासारखं दिसतं. ‘सायको’ (१९६०) मधल्या बाथरूमच्या सीनला चॉकलेट सिरप वापरलं होतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, तो सिनेमा कृष्णधवल होता म्हणून खपलं. रंगच नाही म्हटल्यावर उरतो तो दाटपणा आणि ओघळ, आणि चॉकलेट सिरप त्यात पास होतं.

खरी गंमत त्या ओघळातच आहे. बघणाऱ्याला रक्ताचा नेमका रंग माहीत नसतो पण ते वाहतं कसं हे डोळ्याला पक्कं ठाऊक असतं, चुकलं की लगेच खोटं वाटतं. रक्त पाण्यापेक्षा साधारण तीन-चार पट दाट, पण हा दाटपणा एकसारखा राहत नाही. संथ असताना लाल पेशी चपात्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर बसतात आणि रक्त घट्ट होतं, जोरात वाहायला लागलं की चवड मोडते आणि ते पातळ होतं. पाक असं काही करत नाही, हळू ओता नाहीतर जोरात, तो तसाच. इथे कामी आला इसबगोल! पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून जो बुळबुळीत चिकट रस निघतो तो नेमका याच स्वभावाचा, हलवला की पातळ, थांबला की घट्ट. पाकात तो थोडा घातल्यावर कपाळावरून थेंब सुटला, भुवईपाशी येऊन अडला, क्षणभर थांबला आणि मग एकदम खाली घसरला. त्या टेकला सगळे गप्प. उरलेल्या इसबगोलाची लाळ केली, ती तर दोन रुपयांत जगातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट आहे.

पाकाचं अजून एक. पहिला घाणा रात्रीत साखर धरून बसला, गुलाबजामचा उरलेला पाक बसतो तसा. उकळताना लिंबू पिळलं तर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि मग खडे सहजी धरत नाहीत. मुंग्यांना मात्र दोन्ही चालतं. प्रेत झालेला आमचा मित्र तिसऱ्या टेकला मुंग्यांमुळे ताडकन उठून बसला, तो शॉट आम्ही फिल्ममध्ये ठेवला नाही पण व्हॉट्सॲपवर तोच सगळ्यात जास्त फिरला.

आता हळद. सगळ्यांच्या घरात हे घडलेलं असतं, आमटी सांडलेल्या शर्टाला साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो आणि आपण घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लालसर तपकिरी होतं, एवढंच आहे ते. हळद आणि चुन्यापासून कुंकू करायची जुनी रीतही यावरच उभी आहे. भोंदूबाबा लिंबू कापून ‘रक्त’ काढतात त्यामागेही असाच रंगबदल, तिथे सुरीला जास्वंदीचा रस लावलेला असतो आणि लिंबाच्या आम्लाने तो लाल होतो, अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव हे करून दाखवतात. आमची अडचण अशी की हळद लावलेला हात कॅमेऱ्यात आधीच पिवळा दिसतो. मग कुणीतरी म्हणालं, अरे मग तिचं लग्नच लावू! गोष्टच बदलली. हळद लागलेली नवरी एकटी बसलीये, मागून एक हात येतो, तिच्या दंडाला नुसता टेकतो आणि निघून जातो. त्या हाताच्या बोटांना धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी लावलेलं. दोन-तीन सेकंदांत तिच्या दंडावर पाच बोटांचे लाल ठसे उमटतात, मध्ये कुठेही कट नाही. (चुन्याची निवळी वापरायचा मोह होतो, वापरू नका, कातडी भाजते. सोडाही अगदी पातळ घ्यायचा, चेहऱ्याजवळ न्यायचा नाही, शॉट संपला की लगेच हात धुवायचे.)

भुतासाठी मात्र आम्ही थेट १८६२ मध्ये गेलो. त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी स्टेजवर भूत दाखवलं, मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, पण नाव चिकटलं ते पेपरचंच. युक्ती आपण रोज बघतो. रात्री एसटीच्या खिडकीत बाहेरचा अंधार आणि आपला चेहरा एकावर एक दिसतो ना, तीच. स्टेजवर काच तिरकी लावली होती आणि भुताचा नट खाली, प्रेक्षकांना दिसणार नाही असा उभा. आम्ही जुन्या खिडकीची काच कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत उभी केली, बाजूला काळ्या चादरीपुढे मैत्रीण पांढऱ्या साडीत, आणि काचेपलीकडे रिकामी खोली. काच त्या कोनात जेमतेम १० टक्के प्रकाश परत फेकते, बाकी जवळपास सगळा आरपार जातो, म्हणून भुतावर लाइट भरपूर लागतो आणि खोलीत अगदी मिणमिणता. दुसरा लाइट भाड्याने आणायला पैसे नव्हते, तर आहे तोच निम्म्या अंतरावर आणला, उजेड चौपट झाला. डिमर नव्हता म्हणून लाइटपुढे थर्माकोल धरून हळूहळू बाजूला घेतला, की खुर्चीवर बाई उमटायला लागली. खुर्ची तिच्यातून दिसतेय!

पण पहिले अकरा टेक वाया गेले. भूत प्रत्येक वेळी फुसकं, पुसट. मोबाइल काचेवरच्या धुळीवर आणि आमच्या बोटांच्या ठशांवर फोकस करत होता. आरशातलं प्रतिबिंब काचेवर नसतंच, मैत्रीण काचेपासून जितकी लांब तितकंच ते काचेच्या मागे असतं. म्हणजे फोकस तिथे हवा. मग काचेमागे तेवढ्याच अंतरावर एकाला पेपर धरून उभा केला, त्यावर फोकस लॉक केला आणि त्याला बाहेर काढलं. बाराव्या टेकला तिची बोटं सुद्धा मोजता आली.

धुक्यासाठी ड्राय आइसचा विचार केला आणि सोडला. तो उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो, एका किलोतून ५०० लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आमचं प्रेत तर जमिनीवरच पडलेलं! बंद खोलीत तो खेळ नको. आजीचं धुपाटणं घेतलं, खिडकी किलकिली ठेवली, लाइट धुराच्या मागून कॅमेऱ्याकडे मारला. समोरून मारला तर धूर दिसतच नाही, कारण धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेला उधळतात.

शूटिंगनंतर चादर धुतली तर हळद लाल, मग परत पिवळी. दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली, कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, हळद गेली. खायच्या रंगाचा डाग मात्र अजून आहे, आणि आई ती चादर पाहुण्यांना देत नाही.