आशा स्वयंसेविका व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि कामाची नीट समज

आशा म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. तिची भरती बहुतेक वेळा गावातूनच होते. जागा रिकामी झाली की प्राथमिक आरोग्य केंद्र ग्रामपंचायतीला कळवतं. आलेल्या अर्जांतून सहसा तीन नावं पुढे येतात आणि त्यांतलं एक ग्रामसभा ठरवते. म्हणून अर्ज दिला तरी ग्रामसभेला हजर राहाच.

बाई त्याच गावची रहिवासी हवी; विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार वय २५ ते ४५. महाराष्ट्रात शिक्षणाची अट बिगर आदिवासी भागात दहावी, आदिवासी भागात आठवी. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावकडे पाडे दूरदूर आहेत, तिथे त्याच पाड्यावरची, पावरी किंवा भिली बोलणारी बाईच हवी. नुसती मराठी तिथे पुरत नाही.

अर्जासोबत आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रहिवासी दाखला आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. लागू असेल तर जातीचा दाखला. खरा घोळ नावाचा होतो: दाखल्यावर माहेरचं नाव, आधारावर सासरचं, पासबुकात तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला जोडून हे आधीच सरळ करा, नाहीतर पुढे मोबदलाही अडकतो.

आता कामाचं. अनेकींना वाटतं ही पगारी नोकरी आहे आणि सुई टोचायची आहे. दोन्ही चूक. आशा ही स्वयंसेविका. तिला कामानुसार मोबदला मिळतो. इंजेक्शन, लसीकरण हे आरोग्यसेविकेचं, म्हणजे प्रशिक्षित नर्सचं काम. आशाने गरोदर बाईची लवकर नोंदणी करवायची, तिला दवाखान्यात न्यायचं, बाळंतिणीच्या घरी जायचं.

या घरभेटींतच सर्वांत जास्त चुका होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. प्रत्येक वेळी बाळाचं वजन, ताप, दूध ओढतंय का, नाळ कशी आहे हे पाहून फॉर्म तिथेच भरायचा. अडीच किलोपेक्षा कमी वजन किंवा अंग गार लागणं म्हणजे ताबडतोब आरोग्यसेविकेला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात, पण त्यासाठी नुसत्या फेऱ्या चालत नाहीत: जन्मवजनाची आणि जन्माची नोंद, ठरलेल्या लसी आणि ४२ व्या दिवशी माय-लेकरू सुखरूप, हे सगळं लागतं.

पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. तेव्हा बाई निघण्याआधीच माहेरच्या गावच्या आशाला कळवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचंही तसंच: माता-बाल संरक्षण कार्ड (गरोदरपणाच्या आणि लसींच्या नोंदींचं) त्यांच्यासोबत द्या आणि मुक्कामाचं ठिकाण गटप्रवर्तकाला, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीला, सांगून ठेवा.