अश्रूंचा महामार्ग

अश्रूंचा महामार्ग : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात प्रिन्स जॉर्ज आणि प्रिन्स रूपर्ट या शहरांना जोडणारा हायवे १६ चा सुमारे ७२० किमी. लांबीचा पट्टा. १९६९ पासून या रस्त्यावर व आसपास अनेक मुली आणि स्त्रिया बेपत्ता झाल्या किंवा त्यांचे खून झाले. त्यांत आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ‘हायवे ऑफ टिअर्स’ हे नाव १९९८ मध्ये टेरेस गावी भरलेल्या शोकसभेपासून रूढ झाले. सार्वजनिक सुरक्षेचा अभ्यास कोणाला विचारून करायचा आणि आदिवासींशी समेट करताना त्या अभ्यासाचे काय करायचे, हा विषय कॅनडात निघाला की या रस्त्याचा दाखला हटकून दिला जातो.

हा रस्ता वेट्सुवेटेन, गिट्क्सान, डाकेल्ह, सिम्शियान अशा अनेक राष्ट्रांच्या भूमीतून जातो. (तिथले अनेक आदिवासी समाज स्वतःला ‘राष्ट्र’ म्हणवतात, तो शब्द तसाच ठेवायला हवा.) गावे विरळ, मध्ये मैलोन्‌मैल जंगल, आणि बऱ्याच ठिकाणी अनेक वर्षे मोबाइलला रेंज नव्हती. दवाखाना, बाजार, न्यायालय अशा कामांसाठी शेजारच्या शहरात जायचे तर स्वतःची गाडी लागायची. नसेल त्याने रस्त्याकडेला अंगठा दाखवत उभे राहायचे आणि थांबेल त्या गाडीत बसायचे. विट्सेट गावाजवळच्या मोठ्या पिवळ्या फलकावर मुलींना बजावलेले होते, की या महामार्गावर लिफ्ट मागू नका, खुनी मोकाट आहे. पण जिच्या घरी गाडी नाही आणि जिच्या गावाला बस नाही, तिने करायचे काय, याचे उत्तर त्या फलकाकडे नव्हते.

रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या केंद्रीय दलाने २००५ मध्ये ‘ई-पाना’ हे तपासपथक नेमले. त्याच्या यादीत १८ प्रकरणे आली. बळी स्त्री असावी, लिफ्ट मागण्यासारखे जोखमीचे काही तिने केलेले असावे, आणि ती हायवे १६, ९७ किंवा ५ पासून एक मैलाच्या आत शेवटची दिसलेली किंवा मृतावस्थेत सापडलेली असावी, असे निकष होते. कुटुंबे आणि आदिवासी संघटना मात्र चाळीसहून अधिक जणींची गणती करतात. मैलाची ती रेघ कुठे ओढायची हे घरच्यांना कोणी विचारले नव्हते, आणि रेघेच्या पलीकडे राहिलेल्या मुलीच्या आईला हे समजावणे अशक्य आहे. २०१२ मध्ये १९७४ च्या एका खुनाचा उलगडा डीएनएवरून झाला. तोवर गुन्हेगार अमेरिकेतील तुरुंगात मरण पावला होता.

पोलिसांपुढे बोलायला लोक का कचरतात, हेही समजून घ्यायला हवे. डाकेल्ह भाषेत पोलिसांसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘आम्हाला घेऊन जाणारे’ असा होतो. आदिवासी मुलांना घरातून उचलून, त्यांची भाषा व संस्कृती पुसण्यासाठी चालवलेल्या निवासी शाळांत नेण्यात या दलाचा हात होता. त्याबद्दल दलाने २००४ मध्ये माफी मागितली.

मार्च २००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला कुटुंबे, आदिवासी नेते, पोलीस आणि अधिकारी यांची परिषद भरली. तिच्या अहवालात ३३ शिफारशी होत्या. पहिलीच मागणी गावोगावी थांबणाऱ्या बसची होती. बळी कोण होते, ते कुठे आणि का उभे होते, हे कुटुंबांना ठाऊकच होते, त्यामुळे मागणी इतकी नेमकी होती. माजी न्यायमूर्ती वॉली ओपल यांच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हीच गोष्ट तातडीची म्हणून पुन्हा सांगितली. २०१५ मध्ये प्रांताच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांच्या अहवालातून उघड झाले, की महामार्गाविषयीची माहिती मागणारा अर्ज आल्यावर सरकारी कार्यालयातील ईमेल पुसून टाकण्यात आले होते. सुरक्षेच्या प्रश्नावर समाजाशी बोलायचे आणि त्या बोलण्याची नोंद मिटवायची, याला समेट म्हणता येत नाही. शेवटी २०१७ मध्ये बस सुरू झाली. मागणीला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुटुंबे प्रिन्स रूपर्टहून स्मिदर्सपर्यंत सुमारे ३५० किमी. चालत गेली. स्मिदर्सला बेपत्ता व खून झालेल्या आदिवासी स्त्रिया आणि मुलींविषयीच्या राष्ट्रीय चौकशीची सुनावणी होती. निवासी शाळांच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्या सत्य व समेट आयोगाने २०१५ च्या ९४ आवाहनांमध्ये अशी चौकशी मागितली होती. तिचा अंतिम अहवाल ३ जून २०१९ रोजी आला. त्यात न्यायासाठीची २३१ आवाहने आहेत.

संशोधनाच्या पद्धतीबाबत आदिवासी राष्ट्रांचा आग्रह याहून जुना आहे. १९९८ मध्ये मांडलेल्या ‘ओकॅप’ तत्त्वांनुसार समाजाविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरचे नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा प्रत्यक्ष ताबा, हे सर्व त्या समाजाकडेच असते. ही तत्त्वे पाळायची तर बेपत्ता मुलींची यादी पोलिसांची एकट्याची राहू शकत नाही.

टेरेसजवळच्या किट्सुमकालम येथे २०२० मध्ये या स्त्रियांच्या स्मरणार्थ टोटेम स्तंभ (कोरीव लाकडी खांब) उभारण्यात आला. महामार्गावरील २५२ किमी. पट्ट्यात मोबाइलची रेंज आणण्याची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली.