मुदतीनंतरच्या कामाचे गुणांकन

नेमून दिलेल्या तारखेनंतर आलेला गृहपाठ, निबंध किंवा प्रकल्प स्वीकारायचा की नाही, आणि स्वीकारला तर त्याला किती गुण द्यायचे, यासंबंधीचे शालेय नियम. हा प्रश्न मुख्यतः अकरा ते अठरा या वयाच्या विद्यार्थ्यांबाबत उभा राहतो. प्राथमिक वर्गात बहुधा एकच शिक्षक असतो आणि राहिलेले काम तो समोर बसवून पुरे करून घेतो. पुढे विषयागणिक शिक्षक वेगळा, त्याची मुदत वेगळी आणि तिचा नियमही वेगळा.

काही शिक्षक उशिरा आलेले काम तपासतच नाहीत. काही जण दर दिवसामागे ठरावीक गुण कापतात. दिवसाला दहा गुणांची कपात धरली, तर ९० गुणांच्या योग्यतेचा निबंध तीन दिवसांनी ६० चा होतो. निबंधातला एक शब्दही बदललेला नसतो. गुणपत्रिका वाचणाऱ्याला मात्र तो विद्यार्थी लेखनात कच्चा वाटतो. या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे.

सर्वांत जास्त वाद न दिलेल्या कामाला पडणाऱ्या शून्यावरून झाला आहे. अमेरिकेतील अनेक शाळांत १०० पैकी ९० व त्यावर ‘ए’, ८० पासून ‘बी’, ७० पासून ‘सी’, ६० पासून ‘डी’ आणि त्याखाली ‘एफ’ अशा श्रेणी असतात. म्हणजे उत्तीर्णाच्या प्रत्येक श्रेणीच्या वाट्याला सुमारे दहा गुण, तर अनुत्तीर्णाच्या वाट्याला साठ. नऊ कामांत प्रत्येकी ९० मिळवणाऱ्याचे दहावे काम राहिले व तिथे शून्य पडले, की सरासरी ८१ वर येते. पाचपैकी दोन कामे बुडाली, तर उरलेल्या तिन्हींत पैकीच्या पैकी मिळवूनही सरासरी ६० च. असा विद्यार्थी सत्राच्या मध्यावरच हात टेकतो, त्यात नवल नाही. अमेरिकी शिक्षणलेखक डग्लस रीव्ह्ज यांनी २००४ मध्ये शून्याविरुद्ध हेच गणित मांडले. त्यावर उपाय म्हणून काही शाळांनी किमान ५० गुणांचा नियम केला. काहीच न लिहिणाऱ्याला निम्मे गुण का, असे त्यावर शिक्षक विचारतात. ‘ए’ ला ४ आणि ‘एफ’ ला ० अशा ० ते ४ च्या मापात हा पेच बराच सुटतो: नऊ कामांत ४ आणि एकात शून्य असले, तरी सरासरी ३.६ राहते.

मुळात गुणांची अचूकता गृहीत धरता येत नाही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांनी तपासल्यावर काय होते ते दाखवले. तिला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले होते. एवढ्या डळमळीत मापात शिस्तीचा दंड मिसळला, की त्या आकड्यातून ज्ञान किती आणि वक्तशीरपणा किती हे वेगळे काढता येत नाही. म्हणून काही शाळा विषयाचे गुण आणि कामाच्या सवयींचा शेरा वेगवेगळा नोंदवतात.

मुदतीला काही अर्थच नाही, असे यातून निघत नाही. निबंध वेळेत आला तरच त्यावरचा शेरा पुढच्या निबंधाआधी विद्यार्थ्याच्या हाती पडतो. गणिताची उत्तरे वर्गात सोडवून दाखवल्यावर आलेली वही काहीच सांगत नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात राहिलेल्या वह्यांचा गठ्ठा आला, तर तो नीट तपासणे शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असते. यामुळे पुष्कळ ठिकाणी मधला मार्ग निघाला आहे: प्रकरण शिकवून संपेपर्यंत काम घ्यायचे, त्यानंतर नाही, किंवा सत्रात दोन-तीन वेळा कारण न विचारता मुदत वाढवून द्यायची. दुसरी सोय विशेष मोलाची. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी किंवा शाळा सुटल्यावर कामाला जाणारी मुले आपली अडचण सहसा बोलून दाखवत नाहीत.

आजारपणातली गैरहजेरी बहुतेक नियमांत वगळलेली असते. अमेरिकेत अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात जादा वेळ लिहिलेला असेल, तर त्या वेळेत आलेले काम उशिराचे धरता येत नाही.