तेह तारिक : ओढून फेस आणायचा चहा

या खोक्यात २५० ग्रॅम चहाची डस्ट, तारेच्या कडीला शिवलेली सुती गाळणी आणि ७५० मिलीचे दोन दांडीवाले स्टीलचे मग आहेत. दूध तेवढे तुम्हाला आणायचे आहे.

मलय भाषेत 'तेह' म्हणजे चहा आणि 'तारिक' म्हणजे ओढणे. मलेशिया-सिंगापूरकडचा हा चहा तमिळ मुस्लिमांच्या, म्हणजे 'मामाक' लोकांच्या टपऱ्यांवर रुजला. त्यांतल्या कित्येक रात्रभर उघड्या असतात आणि चहासोबत रोटी चनाई (पापुद्र्यांची तव्यावरची रोटी) मागवायची पद्धत आहे. २०२४ मध्ये मलेशियाची न्याहारीची परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत आली, त्यात हा चहाही आहे. ओढण्याची तऱ्हा मात्र आपल्याला अगदीच परकी नाही. उडप्याकडची मीटर कॉफी पाहिली असेल, तर हात कसा चालतो ते निम्मे कळलेच.

दोन ग्लासांसाठी

पाणी ३५० मिली, डस्ट ४ सपाट छोटे चमचे (१२ ग्रॅम), कंडेन्स्ड मिल्क ३ मोठे चमचे (सुमारे ६० ग्रॅम), आटवलेले दूध २ मोठे चमचे. तिकडे आटवलेले दूध डब्यात मिळते. घरी अर्धा लिटर म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध मंद आचेवर २०० मिलीपर्यंत आणा आणि साय काढून टाका. वरून साखर घालू नका. कंडेन्स्ड मिल्कमधूनच ग्लासमागे जवळजवळ तीन चमचे साखर पोटात जाते. ज्यांना हे फार वाटते त्यांनी कंडेन्स्ड मिल्क दोन मोठे चमचे घ्यावे आणि आटवलेले दूध तीन. तिकडे असा चहा 'कुरांग मानिस', म्हणजे कमी गोड, म्हणून मागतात.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, मगच डस्ट घाला आणि झाकण ठेवून ५ मिनिटे थांबा. आपल्या हाताला चहा उकळत ठेवायची सवय असते, आणि बहुतेकांचा चहा इथेच बिघडतो. ही डस्ट बारीक आहे, रंग पटकन सोडते. उकळली की जीभ आखडेल इतकी तुरट होते. गाळताना गाळणीची पिशवी पिळू नका, चोथ्यातला कडवटपणा खाली उतरतो. कोरा चहा इतका गडद हवा की ग्लासातून पलीकडचे बोट दिसू नये. गरम आहे तोवरच दोन्ही दुधे त्यात ढवळा.

ओढणे

पहिल्यांदा नुसत्या गार पाण्याने, मोरीत उभे राहून हात बसवा. दोन्ही मगांच्या कडा जवळजवळ टेकवून धार सुरू करा. मग वरचा मग जागेवर ठेवून खालचा मग खाली न्या. नवशिके वरचा हात उचलत जातात, त्याने धार हलते आणि चहा मनगटावर येतो. धार संपत आली की दोन्ही मग पुन्हा जवळ आणायचे. एक-दीड फूट अंतर पुरे. मीटरभर ओढणे हा टपरीवरचा खेळ आहे, चवीला त्याने काही मिळत नाही. धार बारीक, अखंड आणि मगातल्या चहाच्या मधोमध पडू द्या. भिंतीवरून घरंगळली तर हवा आत जात नाही. अशा सहा-आठ फेऱ्या झाल्या की फेसाचे बुडबुडे मोहरीपेक्षा लहान होतात आणि चहा पिण्याजोगा निवतो. शेवटची धार ग्लासात जरा उंचावरून सोडा.

हे करताना मुले जवळ नसावीत.

फेस बसत असेल तर

फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिने. पातळ टोन्ड दूध नुसते वापरले की ती कमी पडतात. मगाला तुपाचा हात लागलेला असला किंवा भांड्याच्या साबणाचा अंश राहिला असला, तर बुडबुडे बघता बघता फुटतात. म्हणून दोन्ही मग आधी कढत पाण्याने विसळून घ्या. चहा कोमट झाल्यावर ओढायला घेतला तरी फेस भरड येतो. बॅटरीच्या रवीने फेस येतो हे खरे, पण तो चहावर टोपीसारखा वेगळा बसतो. ओढलेल्या चहात तो घोटाघोटाला लागतो.

आल्याचा हवा असेल ('तेह हालिया') तर इंचभर आले ठेचून आधी पाण्यातच ४ मिनिटे उकळा. कच्च्या आल्याचा रस थेट दुधात पडला तर त्यातल्या विकराने दूध फाटते. फाटलेला चहा ओढून सुधारत नाही, टाकून द्या.

गाळणीची निगा

अमृततुल्यवाल्याचे फडके पाहिले आहे ना, तसेच हे कापड रंगणारच, ते मळलेले नाही. नवी गाळणी चमचाभर डस्ट घातलेल्या पाण्यात दोनदा उकळा, खळीचा वास जातो. पुढे साबण अजिबात नको. लगेच उलटी करून वाहत्या पाण्यात धुवा आणि हवेशीर जागी पूर्ण वाळवा. ओलसर राहिली की आंबूस वास धरते आणि तो थेट चहात उतरतो. रोजचा वापर असेल तर तीनेक महिन्यांनी बदला. कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडल्यावर उरलेले काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.